सूपभर कोंडा

वरकुटे, ता. इंदापूर
२१ नोव्हेंबर १९५५

सौ. इंदिरा जाऊबाई यांस,

थोरल्या जावेला साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. पण साष्टांगाला वाकावं लागतं, आणि सध्या मला वाकायची इच्छा नाही. तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

थोरल्या भावजींचं कार्ड आलं. ह्यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. भावजींना बढती मिळाली, बदली अहमदाबादेला झाली, फेब्रुवारीत निघायचं, रतनला तिथल्या मराठी शाळेत घालणार, असं सगळं एका दमात. 'दादाचं नशीब उघडलं' म्हणून हे पेरूच्या बागेला पाणी द्यायला निघून गेले. मी चुलीपुढून उठलेच नाही. बढती तुमची, बदली तुमची, आणि त्यात फरफटत जाणार कोण, तर कोंडी.

हो, मी कोंडीच म्हणणार. रतन हे नाव तुम्ही पुण्याला शाळेत घालताना ठेवलंत, मला न विचारता. कोंडी हे नाव कुठून आलं ते तुम्हांला सोयीनं विसरायला झालेलं दिसतं, म्हणून आठवण करून देते.

माझा पहिला मुलगा गेला. त्याच्या पाठची मुलगी गेली. दोघांनाही वर्ष पुरं झालं नव्हतं. तिसऱ्या खेपेला माझ्या आईनं मला कऱ्हाटीला माहेरी नेलं आणि चुनखडीच्या कड्यावरच्या सटवाईपुढं बाळाला सुपात ठेवलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं पुढचं मूल दुसरीला विकायचं, म्हणजे दैवाला वाटतं की हिच्याकडं आता नेण्यासारखं काही उरलं नाही. घेणारी म्हणून तुम्हांला बोलावलं, कारण तुमची कूस रिकामी होती आणि तुम्ही घरच्या होता. तुम्ही माझ्या पदरात सूपभर कोंडा ओतलात आणि पोर उचललीत. कोंड्यावर घेतलेली ती कोंडी. पोर वाढायची माझ्याच घरी, पण त्या दिवसापासून मी तिला एकदाही 'माझी' म्हणायचं नाही, आणि तिनं मला 'काकी' म्हणायचं, असं ठरलं. पोरगी शहाणी व्हायच्या आत त्याच जागी कोंडा परत करायचा, आईनं 'माझी' म्हणायचं आणि पोर घरी आणायची. तसं केलं नाही तर ती घेणारीची, कायमची.

पाच वर्षांची असताना 'जरा शाळेची गोडी लागू द्या' म्हणून नेलीत. अजून लागतेच आहे का गोडी? पोरीला बारावं सरलं. दिवस थोडे राहिले आहेत, आणि तुम्हीही बाईच आहात, मी काय म्हणते ते तुम्हांला कळतं.

जानेवारीतला पहिला मंगळवार धरा. तिला घेऊन कऱ्हाटीला या. कड्यावरून देवीपर्यंत चालत जायचं आणि सांजेला चालत परत यायचं. पोर माझ्या हवाली करा आणि मग अहमदाबादेला खुशाल जा.

यशोदा


वरकुटे
११ डिसेंबर १९५५

सौ. जाऊबाई यांस,

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर फार सुरेख आहे तुमचं. त्या सुरेख अक्षरात तुम्ही मला लिहिता की ही सगळी खेडवळ समजूत आहे, शिकलेल्या माणसांनी असल्या गोष्टी धरून बसू नये. बारा वर्षांपूर्वी कोंडा ओतायच्या आधी तुम्ही सटवाईपुढं कपाळ टेकलंत ते मी पाहिलंय. तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं शिक्षण? पोर पदरात पडली तोवर समजूत खरी, आणि परत द्यायची वेळ आली की खोटी!

पुढं तुम्ही लिहिलंय की तिची सहामाही परीक्षा आहे, तिला थंडी बाधते, आणि जायचंच तर देवीच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी न्यावी. परीक्षा डिसेंबरातच संपते, माझ्या भाच्याला विचारून खात्री केली. थंडीचं म्हणाल तर ज्वारीच्या राखणीला आमच्याकडची मुलं शेतात निजतात. आणि गाडी चालणार नाही. विकलेलं लेकरू आपल्या पायांनी कडा चालून परत येतं, अशी रीत आहे. ते मी ठरवलेलं नाही.

तुम्ही असंही लिहिलंत की रतनला सगळं समजावून सांगितलंय आणि ती हसली. काय सांगितलंत आणि कशी हसली, हे लिहायला मात्र जागा उरली नाही तुम्हांला.

येते म्हणालात त्याबद्दल आभार मानायचे असतील तर ह्यांना मानायला सांगते. माझ्याच्यानं होणार नाही. पायात ती उंच टाचेची चप्पल घालून येऊ नका. चुनखडीवर घसरायला होतं.

यशोदा


वरकुटे
६ जानेवारी १९५६

जाऊबाई,

तुम्ही पुण्याला पोचलात, पोर सुखरूप आहे, असं कार्ड आलं. वाचलं. आता मी लिहिते ते तुम्ही वाचा. मंगळवारी तुम्ही माझ्याबरोबर होता, तेव्हा ह्यातलं बरंच तुम्हांला ठाऊक आहे. पण तुम्ही जे पाहिलंत आणि माझ्यावर जे गुदरलं त्यात फरक आहे, आणि तो तुमच्या डोक्यात घातल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

माझा भाऊ गेणू आपल्याला गाडीतून कड्याच्या तोंडाशी सोडून गेला. तुम्ही खाली उतरलात ती तीच टाचेची चप्पल घालून. चुना भाजणाऱ्यांनी कड्याचं ते टोक पोखरून ठेवलंय, वाट मोडलीय, त्या पांढऱ्या ढिगावरून चढताना तुमची एक टाच मोडली आणि मला जे बरं वाटलं ते लपवायला मी पदर तोंडाला लावला. मग तुम्ही दोन्ही चपला पिशवीत टाकून अनवाणी चाललात. तुम्ही कुरकुर केली असतीत तर मला फार सोपं गेलं असतं.

पुढं हिवराची आणि धावड्याची झाडी लागली, तिथून वाट एका माणसापुरती उरते. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा आणि खाली कऱ्हेची कोरडी वाळू. पोरगी पुढं, मधे तुम्ही, मागं मी. तुमची पाठ बघत चालणं माझ्या नशिबी आलं. पोरीची पावलं पांढरी झाली होती पोटऱ्यांपर्यंत, आणि ती बोरीच्या प्रत्येक झुडपाशी थांबत होती. मूठभर बोरं आणून आधी तुमच्या तोंडात घातली. मग माझ्यापुढं तळहात धरून म्हणाली, 'काकी, तुम्ही घ्या ना.' तुम्हांला तू, मला तुम्ही. कऱ्हाटीच्या पोरी आपल्या आयांना शिव्या देतात, भांडतात, तोंडाला तोंड देतात. माझ्याशी ही पाहुण्याबाईशी बोलावं तशी बोलते.

पोळ्याच्या कपारीशी मधमाश्यांमुळं गप्प जायचं असतं. ते ठिकाण मागं पडल्यावर तिनं मला विचारलं, 'काकी, मला विकलं तेव्हा नुसता कोंडाच मिळाला? गूळ तरी मागायचा होता.' तुम्ही हसलात. मीही हसले, आणि हसता हसता तुमच्याविषयी इतका संताप आला, की ह्या पोरीला तुम्ही हे एखाद्या गमतीसारखं सांगितलंत. मागून विचार केला तेव्हा वाटलं, दुसरं कसं सांगणार होता? पण ते मागून. तेव्हा नाही.

मग ती अरुंद जागा आली, जिथं चुनखडीचा पापुद्रा सुटून वाट बाहेर झुकली आहे. खाली बघून तुम्हांला घेरी आली. मी तुमचं मनगट धरलं आणि पलीकडं नेईपर्यंत सोडलं नाही. त्याबद्दल कार्डात आभार लिहिलेत. लिहायचं कारण नव्हतं. तुम्ही पडला असतात तर मंगळवार वाया गेला असता.

झिऱ्याशी जेवायला बसलो. तुमच्या दशम्या, माझी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पोरीनं दोन्ही खाल्लं, आधी कुणाचं खावं ह्याचा विचार करत, दोघींकडं आळीपाळीनं बघत. बारा वर्षांच्या पोरीला जेवताना असा विचार करायला लागावा, ही तुमची माझी कमाई. तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हा मी तिला विचारलं की इथं राहायला आवडेल का. ती म्हणाली, 'तुम्ही सगळे म्हणाल तसं.' तिला तुमच्यापासून तोडून न्यायला मी आले होते, आणि तिच्या तोंडात माझ्याविरुद्ध एक शब्द नव्हता. तो तुम्ही शिकवला नाहीत. त्याचाही मला रागच आहे.

आता देवीपाशी काय झालं ते. सटवाईजवळच्या लिंबाला लाकडी पाळणे टांगलेले असतात, नवसाचे. तुमचं लक्ष गेलं नसेल. त्यातले दोन मी टांगलेले आहेत, पहिल्या दोघांचे. दोऱ्या कुजल्या तरी पाळणे तसेच आहेत. एकाच्या कडेला हळदीचं बोट अजून दिसतं. मला वाटलं होतं, इतक्या पावसाळ्यांत ते पडून गेले असतील.

पूजेचं बघणाऱ्या प्रयागबाईंनी सूप मांडलं. त्यांनी सांगितलं तसं तुम्ही एकही चूक न करता केलंत. पदर पसरलात, मी ओतलेला कोंडा घेतलात, पोरीचा हात धरून सुपापाशी आणलात, 'माझं घेतलेलं मी परत दिलं' म्हणालात. आणि रडलात. तेही माझ्या आधी. मी वाट बघत होते की तुम्ही अडून बसाल, काहीतरी खुसपट काढाल. मी रात्रंदिवस तुमच्याशी मनात भांडत तिथवर आले होते, आणि तुम्ही भांडायला उभ्याच राहिला नाहीत.

प्रयागबाईंनी मला विचारलं, "यशोदे, कुनाचं लेकरू हाय ह्ये?"

मी लिंबाकडं पाहिलं. समोर ते दोन पाळणे. पहिल्याला मी दिवसातून शंभरदा माझा म्हणत होते. दुसरीला भीत भीत म्हटलं. आणि ही चार वर्षांची असताना इंदापूरच्या बाजारात एका बांगडीवाल्या बाईनं 'कुणाची गं गोडुली' म्हणून गाल धरला, तेव्हा माझ्या तोंडून 'माझी' निसटलं होतं. त्याच आठवड्यात तिला गोवर आला आणि पोर हातची जाते की काय असं झालं. तुम्ही पुण्याहून धावत आलात आणि उशाशी बसून राहिलात. हे सगळं त्या सुपापुढं माझ्या अंगावर आलं. प्रयागबाईंनी पुन्हा विचारलं. पोरगी माझ्याकडं बघत होती, निरोगी, गालांवर ऊन, ओठाला बोराची साल चिकटलेली.

मी म्हणाले, "जाऊबाईंचं."

प्रयागबाई म्हणाल्या, "आन् मग कोंडा कशापायी आनला व बाई?"

तुम्ही माझ्या खांद्याला हात लावायला आलात, मी तो झटकला, हे तुम्हांला आठवत असेल. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम पुढं चालले. तुमची पाठ नको होती, आणि तिचं तोंडही नको होतं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, पोर कुठाय? मी सांगितलं, जाऊबाई ऐनवेळी नाही म्हणाल्या. सांगितलं तर सांगितलं. माझ्या घरात मी काय सांगायचं ते मी बघेन. शेजारच्या भागूबाईलाही तेच सांगितलंय. तुम्हांला खरं-खोटं करायचं असेल तर ह्यांना लिहा, मी अडवत नाही.

यशोदा


वरकुटे
३० जानेवारी १९५६

जाऊबाई,

ह्यांनी थोरल्या भावजींना लिहिलेलं पत्र मी वाचलं नव्हतं. काल ह्यांनीच सांगितलं काय लिहिलं ते. तुझ्या बायकोनं देवीसमोर शब्द फिरवला, माझ्या बायकोची कूस लुटली, इथून पुढं तू माझा भाऊ नाहीस, अहमदाबादेला जाताना ह्या घरी पाय ठेवू नकोस. लिहिताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. लहानपणी ह्याच दादानं ह्यांना खांद्यावर बसवून कालव्याच्या पलीकडं शाळेत नेलं होतं.

मला वाटलं होतं, चार दिवसांत तुमचं उत्तर येईल. खरं काय झालं ते तुम्ही लिहाल, हे माझ्यावर ओरडतील, आणि एकदाचं मोकळं होईल. मी रोज पोस्टमनची वाट बघितली. तुमच्याकडून काय यावं, तर भावजींच्या हातचं दोन ओळींचं कार्ड, 'तुला वाईट वाटणं साहजिक आहे, पोरीची काळजी घेऊ'. म्हणजे तुम्ही नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाहीत! माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन बसलात.

कोणी सांगितलं होतं तुम्हांला एवढं थोर व्हायला? मी मागितलं होतं का? तुमच्या चांगुलपणाची मला शिसारी येते. गावात तुमच्या नावानं बोटं मोडतात. भागूबाई माझ्याजवळ येऊन बसते, पाठीवरून हात फिरवते, तुम्हांला शाप देते, आणि मला 'नको गं' म्हणायचीही सोय नाही. दरवेळी मान खाली घालून ऐकते. तुम्ही ओरडा, भांडा, मला खोटारडी म्हणा, पण असं मुकाट राहून माझ्या छातीवर बसू नका.

तुम्ही निघणार कधी तेही कळवलेलं नाही.

यशोदा


वरकुटे
१८ मार्च १९५६

सौ. जाऊबाई यांस, मु. अहमदाबाद,

पत्ता भावजींच्या कार्डावरून मिळाला. ते कार्ड ह्यांनी न वाचता कोनाड्यात टाकलं होतं, मी काढून वाचलं. त्यात तुम्ही खाली एक ओळ लिहिलीय, की रतन गेल्या आठवड्यात शहाणी झाली, प्रकृती उत्तम आहे.

ओळ वाचली आणि कार्ड पुन्हा कोनाड्यात ठेवलं. तुम्ही मुद्दाम लिहिलीत का सरळ मनानं लिहिलीत, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. मुद्दाम लिहिली असतीत तर मला आवडलं असतं. आता रीतीप्रमाणं सगळं संपलं. कोंडा परत नेता येत नाही, देवी विचारायची नाही. पोर तुमची झाली, कायदेशीर का काय म्हणता तशी, सटवाईच्या दरबारात.

काल मी ह्यांना खरं सांगितलं. पेरूच्या पाट्या भरत होतो, बाजारात न्यायच्या. हातातलं काम न थांबवता सांगितलं, कारण थांबले असते तर सांगितलं नसतं. नाही मी म्हणाले, त्या नाही, एवढंच. ह्यांनी पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आता दादाला कुठल्या तोंडानं लिहू?" माझ्यावर ओरडले नाहीत. रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मला म्हणाले, "तिला 'माझी' म्हणायला तू येवढी भ्यायचीस, ते मला का बोलली न्हाईस?" भीती सांगितली की खरी होते, असं मला वाटायचं. आता वाटतं की न सांगूनही ती खरीच होती.

ते भावजींना लिहिणार आहेत. तुमच्याबद्दल गावात जे पसरलं ते मी आवरीन. भागूबाईला सकाळीच सांगितलं, ती उठून गेली. आता काही दिवस माझ्या नावानं बोटं मोडतील. मोडू देत.

म्हणून तुमची माझी दिलजमाई झाली असं समजू नका. तुमच्याकडं ती झोपते, तुम्ही तिची वेणी घालता, तिला पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा तुम्ही शेक दिलात. हे मी तुम्हांला माफ करणार नाही. तुमचा दोष नाही हे मला कळतं, आणि तरी करणार नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दोनदा दौत झाकून उठले, पुन्हा बसले. देवीपुढं माझ्या तोंडातून निघालं नाही, ते इथं लिहिते. रतन म्हणा, कोंडी म्हणा, ती माझी आहे. माझी मुलगी आहे. मी तिला जन्म दिला आणि मीच तिची आई आहे. हे तिला वाचून दाखवा. दाखवताना तुम्ही जवळ बसा, तिला एकटीनं वाचू देऊ नका. मे महिन्यात तिला इकडं धाडा, चार आठवड्यांसाठी. परत पाठवीन. आणि तिनं मला काकीच म्हटलं तरी चालेल, तिला सांगा.

हे पत्र आजच पेटीत टाकते, उद्यावर ठेवलं तर फाडून टाकीन. तुमच्या हाती पडलं की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिच्या कपाळाला हात लावून बघा. ताप नसला, अंग गार असलं, तर 'गार आहे' एवढेच दोन शब्द लिहून उलट टपाली पाठवा. बाकी काही लिहू नका. मी वाट बघते आहे.

यशोदा